आकाशांतला सरवा

जगांत नाशवंत माल पुष्कळ आहे. दूध दुसऱ्या दिवशीं नासतें, फुलें संध्याकाळीं कोमेजतात, मंडईंतील कोथिंबीर दिवेलागणीला निम्म्या भावानें जाते आणि तरीही उरली तर गाईच्या तोंडीं पडते. परंतु विमानांतील रिकाम्या खुर्चीइतका नाशवंत माल दुसरा कोणता असेल असें आम्हांस वाटत नाहीं. विमानाचें दार लागेपर्यंत तिची किंमत हजारों रुपये असते. दार लागतांच ती शून्य होते. ती खुर्ची उद्यांसाठीं राखून ठेवतां येत नाहीं, मीठ लावून मुरवतां येत नाहीं, कीं गाईपुढें टाकतां येत नाहीं. ती रिकामी आकाशांतून जाते आणि रिकामीच उतरते. उलट तिच्यावर ऐनवेळीं कोणी येऊन बसलें, तर विमानाच्या खर्चांत पडणारी भर थोडेंसें इंधन व जेवणाचें एक ताट यांपलीकडे फारशी जात नाहीं.

या साध्या हिशेबांतून विमानधंद्यांतील एक जुनी रूढि जन्मास आली. जी खुर्ची विकली जाणार नाहीं, ती आपल्याच नोकरास, त्याच्या बायकोमुलांस व आईबापांस द्यावी. त्याबद्दल कांहीं घेऊं नये, किंवा नांवापुरतें घ्यावें. पुढें निरनिराळ्या कंपन्यांनीं आपसांत करार केले व एकीचा नोकर दुसरीच्या विमानांतून चवथाई भाड्यांत किंवा एकदशांश भाड्यांत जाऊं लागला. धंद्याच्या बोलींत या तिकिटांना ‘आयडी पंचाहत्तर’ व ‘आयडी नव्वद’ म्हणत. आंकडा सवलतीच्या टक्क्यांचा. अशा बहुतेक तिकिटांना एक अट चिकटलेली असे व तिच्यावरच सारा डोलारा उभा असे. ती अट म्हणजे ‘जागा उरल्यास’. भाडें भरणारा शेवटचा उतारू आंत जाऊन बसला, कीं मग यांची पाळी.

आमचे वडील एका विमानकंपनीच्या मुंबईंतील भांडारांत कारकून होते. कंपनीचें नांव येथें महत्त्वाचें नाहीं. त्या काळीं सर्व कंपन्यांची रीत थोड्याफार फरकानें सारखीच होती. वडील मूळचे सातारा जिल्ह्यांतले. त्यांच्या लहानपणीं आमची आजी दुसऱ्यांच्या रानांत भुईमुगाच्या शेंगांचा सरवा वेचावयास जात असे. आजच्या शहरी वाचकांपैकीं कित्येकांच्या कानांवरून हा शब्द गेलाही नसेल. पिकाची काढणी होऊन धन्यानें माल घरीं नेला, कीं रानांत मागें राहिलेल्या शेंगा, गळलेलीं कणसें यांस सरवा म्हणतात. तो गोरगरिबांनीं वेचावा. मात्र धन्याची काढणी संपल्याशिवाय कोणीं रानांत पाऊल घालूं नये, आणि ती संपल्यावर धन्यानें कोणास हटकूं नये, असा दोन्ही बाजूंचा अलिखित कायदा असे. वडिलांनीं आपल्या विमानाच्या पासाला पहिल्यापासून हेंच नांव दिलें होतें. ‘यंदा सरवा वेचायला कुठें जायचें?’ असें ते आईला विचारीत. आम्हीं तो शब्द शेतांत ऐकण्याच्या अगोदर विमानाच्या संबंधानेंच ऐकला.

या शब्दामागें केवढी परंपरा उभी आहे, तें आम्हांस पुष्कळ पुढें, पुस्तकें वाचूं लागल्यावर कळलें. आपल्याकडे वेचलेल्या दाण्यांवर निर्वाह करण्यास उंछवृत्ति म्हणत व ती हीन मानीत नसत. महाभारतांत धर्मराजाच्या अश्वमेधाच्या शेवटीं अर्धें अंग सोन्याचें झालेलें जें मुंगूस येतें, तें कुरुक्षेत्रावरील अशाच एका वेचून खाणाऱ्या ब्राह्मणाच्या घरांतून आलेलें असतें. आणि त्याच्या घरच्या शेरभर सातूपुढें तें सम्राटाचा यज्ञ फिका ठरवितें. ज्यूंच्या जुन्या धर्मशास्त्रांत तर शेतकऱ्यास आज्ञाच आहे, कीं शेत कोपऱ्यापर्यंत कापूं नये व गळलेलें वेचूं नये. तें गरिबासाठीं व परक्यासाठीं सोडावें. सरवा मजुरींत मोडत नाहीं आणि भिक्षेंतही मोडत नाहीं. मजुरी मागून घेतां येते, भिक्षा देणाऱ्याच्या मर्जीवर असते. सरव्याला धन्याची मर्जी लागत नाहीं. पण रानांत कांहीं उरलें नसेल तर तक्रारही करतां येत नाहीं.

या देवघेवीचे आचार वडील मोठ्या काटेकोरपणें पाळीत. विमानतळावर जातांना त्यांच्या अंगांत कोट व गळ्यांत त्यांचा एकुलता एक टाय असे; तो एरव्हीं ट्रंकेंत डांबराच्या गोळ्यांत झोपलेला असे. आई ठेवणींतलें इरकली लुगडें नेसे. आम्हां मुलांना पॉलिश केलेले बूट घालावे लागत. हा केवळ आमच्या घरचा सोहळा नव्हता. पासावर जाणाऱ्यानें नीटनेटका पोशाख करावा, हा नियम जगभरच्या कंपन्यांत होता व कित्येक ठिकाणीं कोट-टाय सक्तीचे होते. २०१७ च्या मार्च महिन्यांत अमेरिकेंत डेन्व्हरच्या विमानतळावर युनायटेड कंपनीनें पासावर निघालेल्या दोन मुलींस त्यांनीं तंग विजारी घातल्या म्हणून विमानांत चढूं दिलें नाहीं, तेव्हां वर्तमानपत्रांत मोठें वादळ उठलें. भाडें भरणारा मनुष्य वाटेल तें लेवून बसेल आणि नोकराच्या मुलीनें मात्र नियम पाळावा, हें लोकांस अन्यायाचें वाटलें. आणि तें वाटणें चुकीचें होतें असें आम्ही म्हणणार नाहीं. पण ज्यांचें बालपण पासावर गेलें त्यांना त्या बातमींत नवल कांहींच दिसलें नाहीं. शेजारी बसलेल्या उतारूला आपण फुकट आलों आहोंत असें कळूं द्यावयाचें नाहीं, जेवणाचा पदार्थ निवडून मागावयाचा नाहीं, आणि बोलावणें आल्याशिवाय उठावयाचें नाहीं, हे धडे आम्हीं बाराखडीबरोबरच गिरविले.

त्या खिडकीपाशीं आम्हीं आणखी एक गोष्ट पाहिली, ती मात्र शाळेंत शिकविलेली नव्हती. उरलेल्या जागा वांटतांना वडिलांच्या कंपनींत हुद्दा पाहत नसत. नोकरीला लागल्याची तारीख पाहत. तेवीस वर्षें विमानांत सामान चढविणारा लोडर आपल्या म्हाताऱ्या आईला हाताला धरून आंत जाई आणि चार वर्षांपूर्वीं लागलेला अधिकारी आपल्या सूटबुटासह बांकावर बसून राही. दुसऱ्या दिवशीं कचेरींत पुन्हां अधिकारी तो अधिकारी व लोडर तो लोडर. परंतु त्या खिडकीपुढें घटकाभर क्रम उलटा होई, आणि त्याबद्दल कोणी हूं कीं चूं करीत नसे.

उरलेल्या जागेची गोष्ट बोलावयाची, तर मुळांत जागा पाहिजे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा यांनीं कराचीहून अहमदाबादमार्गें जुहूस आपलें लहानसें पुस मॉथ विमान आणून उतरविलें, तेव्हां त्यांत टपालाच्या थैल्या होत्या. जेथें उतारूच नाहीं तेथें रिकामी खुर्ची कोठली! ८ जून १९४८ रोजीं ‘मलबार प्रिन्सेस’ हें विमान मुंबईहून कैरो व जिनिव्हा या वाटेनें लंडनला निघालें. १९६० सालीं बोइंग ७०७ आलें. १९७१ सालीं त्याच्या दुपटीहून अधिक माणसें पोटांत घेणारें बोइंग ७४७ मुंबईस उतरलें. विमानें जों जों मोठीं होत गेलीं, तों तों त्यांत उरणाऱ्या जागाही वाढत गेल्या. आमच्या पिढीचा सरवा या मोठ्या विमानांनीं मागें टाकलेला आहे.

आमचे आईवडील पहिल्यानें लंडनला गेले, तें १९६९ सालीं, आमच्या जन्माच्या अगोदर. त्या काळीं सामान्य प्रवाशाला देशाबाहेर जातांना परकीय चलन मिळे तें अवघें ८ डॉलरच्या घरांत. म्हणजे सात समुद्र ओलांडण्याची सोय झाली होती, पण पलीकडे गेल्यावर चार दिवस चहा पिण्याची झालेली नव्हती. दोघांनीं बरोबर चिवडा, दशम्या व लसणाची चटणी नेली, एका ओळखीच्या बिऱ्हाडीं पथारी पसरली, आणि लंडन पायीं पाहिलें. आमच्या चाळींत त्या वेळीं एक वकील व दोन प्राध्यापक राहत. शेक्सपिअर शिकविणाऱ्या त्या प्राध्यापकांपैकीं एकानेंही टेम्स नदी पाहिलेली नव्हती. ती पाहून आला तो भांडारांतला कारकून. वडिलांनीं त्याचा तोरा कधीं मिरविला नाहीं. प्राध्यापकांनीं विचारलें तेव्हां ते म्हणाले, ‘नदी आपल्या कृष्णेएवढी सुद्धां नाहीं, पण तिच्यावरचे पूल मोजत बसावेसे वाटतात.’ शिक्षण, पैसा व प्रतिष्ठा यांपैकीं कशाचीही किल्ली हातीं नसतां ज्यांना जगाचें दार उघडलें, अशा माणसांचा एक लहानसा वर्ग या पासानें निर्माण केला. त्यांत यांत्रिक होते, स्वयंपाकघरांतील नोकर होते, झाडूवाले होते. या वर्गाचा इतिहास कोणी लिहिलेला नाहीं. त्यांच्या घरांतील कांचेच्या कपाटांत स्वित्झर्लंडची घंटा व जपानी बाहुली एवढाच तो शिल्लक आहे.

१९८४ सालीं आमच्या ताईच्या पहिल्या बाळंतपणाची वेळ आली. ती बर्मिंगहॅमला होती. आईवडील दोघांनींही जावयाचें ठरलें. डिंकाचे लाडू, अहळीव, बाळंतकाढा, जुन्या लुगड्यांचीं दुपटीं अशी गांठोडीं बांधून आम्ही सारे सहारच्या विमानतळावर गेलों. पासावर जाणाऱ्याला आपला दिवस आधीं कळवितां येत नसे. विमान सुटल्यावर मागें राहिलेल्यानें ट्रंक कॉल लावून ‘निघाले’ एवढें सांगावयाचें. रात्रीं एकच्या सुमारास खिडकीवरच्या माणसानें वडिलांना बोलावलें व म्हणाला, ‘एकच जागा आहे.’

वडिलांनीं एक क्षणही न दवडतां आईला सांगितलें, ‘तूं जा.’

‘अहो, मला एकटीला? तिथें बोलूं तरी काय मी?’

‘बोलूं नकोस. हा कागद दाखव.’ त्यांनीं एका कागदावर ताईचा पत्ता, जांवयाचें नांव व ‘या बाईंस इंग्रजी येत नाहीं, कृपया मदत करावी’ एवढें इंग्रजींत लिहून दिलें. आईनें तो कागद पोलक्यांत ठेवला, लाडवांचा डबा उचलला, आणि मागें वळून न पाहतां चालूं लागली. तोंवर ती मुंबईंतही दादरच्या पलीकडे एकटी गेलेली नव्हती. पुढचीं दोन रात्रीं विमानें भरून गेलीं. वडिलांना तिसऱ्या रात्रीं जागा मिळाली. ते पोंचले तेव्हां आई कोपऱ्यावरच्या दुकानांतून दूध घेऊन येत होती. मोड तिनें स्वतः मोजून घेतली होती. परत आल्यावर ती बँकेंत स्वतः जाऊं लागली, गॅसच्या कचेरींत भांडूं लागली, आणि वडिलांच्या पश्चात् तिनें आपला सारा व्यवहार एकटीनें सांभाळला. दोन जागा उरल्या असत्या तर हें झालें नसतें, असें तीच कित्येकदां म्हणे.

पण सरव्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९८७ सालच्या दिवाळींत दिल्लीहून थोरल्या काकांच्या दुखण्याची तार आली. वडील त्याच दिवशीं विमानतळावर जाऊन बसले. सणाचे दिवस, तीन विमानें त्यांच्या डोळ्यांदेखत भरून गेलीं. पूर्ण भाड्याचें तिकीटही शिल्लक नव्हतें, आणि असतें तरी तें घेण्यास घरांत तेवढे पैसे नव्हते. रात्रीं ते फ्राँटिअर मेलच्या बिनआरक्षित डब्यांत चढले व दिल्लीस पोंचले तेव्हां अंत्यविधि उरकून गेला होता. परत आल्यावर आम्हीं रागानें कांहीं बोललों. वडील शांतपणें म्हणाले, ‘धन्याची काढणी चालली होती. रान आपलें नव्हतें.’ एवढ्यावर तो विषय संपला. या उत्तरानें आमचें समाधान तेव्हां झालें नाहीं व आजही पुरतें होत नाहीं. ज्याला पैसे देऊन जागा घेण्याची ऐपत आहे त्याला भावाच्या अंत्यदर्शनास वेळेवर पोंचतां येतें, आणि सरवा वेचणाऱ्याला तें नशिबावर सोडावें लागतें, ही गोष्ट खरीच आहे. विमानाचा पास माणसाला लंडन दाखवी. पण तो ऐपत देत नसे.

सरव्याची ही कल्पना विमानकंपन्यांच्या कायद्यांतही नकळत उतरली आहे. मालकानें नोकरास फुकट दिलेल्या सेवेवर कर बसवावा कीं नाहीं, या प्रश्नाचा निकाल अमेरिकेनें १९८४ च्या कायद्यानें लावला. मालक जी सेवा गिऱ्हाइकांना विकतो तीच त्या धंद्यांतील नोकराला दिली, आणि ती देतांना मालकाचा विशेष जादा खर्च झाला नाहीं, तर ती करमुक्त. यांत एक बारकावा आहे. भाडें देणारा उतारू बाजूला सारून नोकराला बसविलें, तर बुडालेलें भाडें हाही खर्चच धरावयाचा. म्हणजे कापणीपूर्वीं घेतलेलें कणीस सरव्यांत मोडत नाहीं, हेंच तत्त्व वकिली भाषेंत आलें. आपल्याकडील १९६२ च्या आयकर नियमांतही वाहतुकीचा धंदा करणाऱ्या मालकानें नोकरास दिलेल्या प्रवासाची किंमत त्याच्या उत्पन्नांत धरावी असें सांगून विमानकंपन्या व रेल्वे यांच्या नोकरांस तेवढें वगळलें गेलें.

आतां एवढ्या खुर्च्या उरत कशामुळें, तेंही पाहिलें पाहिजे. अमेरिकेंत १९७८ पर्यंत भाडें किती घ्यावें हें सरकारी मंडळ ठरवी. भाड्यांत चढाओढ करतां येत नाहीं म्हणून कंपन्या फेऱ्यांत व थाटांत चढाओढ करीत. सत्तर सालानंतर एका कंपनीनें तर आपल्या ७४७ विमानांत उतारूंच्या करमणुकीसाठीं पियानो ठेवला होता. त्या दशकाच्या आरंभीं तिकडे शंभर खुर्च्यांमागें जवळजवळ निम्म्या रिकाम्या उडत. १९७८ च्या ऑक्टोबरांत कायदा बदलला, भाडीं मोकळीं झालीं, आणि कोणती खुर्ची कोणत्या दिवशीं कोणाला किती किंमतीस विकावी याचें गणित यंत्रें करूं लागलीं. तिकडे आतां शंभरांतील ऐंशीहून अधिक खुर्च्या भरून जातात. आपल्याकडे १९५३ च्या राष्ट्रीयीकरणाचा कायदा १९९४ सालीं रद्द झाला, २००३ पासून स्वस्त भाड्याच्या कंपन्या आल्या, आणि येथेंही तीच स्थिति झाली. पास आजही मिळतात. मात्र ते हातीं घेऊन बांकावर बसणाऱ्यास उरलेली खुर्ची क्वचित् दिसते. त्यांतून कंपनीच बुडाली तर पासाचा निव्वळ कागद होतो. ४ डिसेंबर १९९१ रोजीं पॅन अमेरिकन आणि १७ एप्रिल २०१९ रोजीं जेट एअरवेज यांचीं विमानें उडावयाचीं थांबलीं, तेव्हां पगाराबरोबर हेंही रान त्यांच्या नोकरांच्या पायांखालून गेलें.

यावर कोणी म्हणेल, कीं झालें तें चांगलेंच झालें. अर्धें विमान रिकामें उडविणें ही इंधनाची उधळपट्टी. ती भाडें देणाऱ्या उतारूच्या खिशांतून होत होती. आणि आज लोडरच्या आईला पासावांचूनही, मुलानें दोन महिने पैसे साठविले तर दिल्लीचें तिकीट मिळतें, तें सुद्धां ठरलेल्या दिवसाचें. हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. १९८७ च्या दिवाळींत अशीं तिकिटें असतीं तर वडील भावाला भेटले असते. पूर्वींच्या उधळपट्टीचें समर्थन करण्यासाठीं आम्ही लेखणी हातीं घेतलेली नाहीं.

आमचें म्हणणें एवढेंच, कीं शेवटचा दाणा उचलणारें यंत्र रानांत आलें म्हणजे धान्य वाढतें, पण त्याबरोबर एक नातेंही संपतें. खुर्ची उरत होती तोंवर कंपनीला आपल्या झाडूवाल्यास, स्वतःचें कांहीं न गमावतां, जग दाखवितां येत होतें. आणि त्या झाडूवाल्यालाही कोणापुढें हात न पसरतां तें घेतां येत होतें. आतां त्याला दिलेली प्रत्येक जागा कोणाच्या तरी वहींत तोटा म्हणून लिहिली जाते. ज्या संस्थेचा हिशेब शेवटच्या दाण्यापर्यंत चोख लागतो, तिला आपल्या माणसांस देण्यासारखें पगारावांचून कांहीं राहत नाहीं. आणि पगार कितीही दिला, तरी तो ‘तूं आमचा आहेस’ असें म्हणत नाहीं. विमानकंपनीच काय, शाळा, इस्पितळ, छापखाना, कोणाचेंही शेत घ्या. त्याचा एखादा कोपरा जाणून कापावयाचा सोडला पाहिजे, ही जुनी आज्ञा आम्हांस भाबडी वाटत नाहीं. कोपरे आतां आपोआप उरत नाहींत; म्हणून ते सोडण्याचें काम कोणीतरी अंगावर घ्यावें लागेल.

आईच्या पोलक्यांतला तो इंग्रजी कागद तिनें अखेरपर्यंत जपून ठेवला होता. बर्मिंगहॅमला पोंचेपर्यंत तो कोणाला दाखविण्याची वेळ तिच्यावर आली नव्हती.